बिनतोंडाची गाडी

सकाळच्या चहाची उद्घोषणा होते असं घर मी आयुष्यात एकच पाहिलं. मी मागच्या खोलीत वेणी घालत असायचे आणि पुढून आवाज यायचा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्वयंपाकघराकडून ओट्याकडे जाणारा चहा फलाटावर लागत आहे." आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि लगेच त्याच गळ्यातून दुसरं वाक्य, "बाई, या की लवकर. गार व्हायलाय चहा."

कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते ठरवणारा आणि माइकवरून पुकारणारा जो माणूस बसस्टँडवर जाळीच्या खिडकीमागे असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. आमचे घरमालक जन्मभर तेच काम करून निवृत्त झाले होते. त्यांचं नाव फाट्यावर कुणी घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. हॉटेलवाला, जीपवाले, पोस्टमन, सगळे कंट्रोलरच म्हणत आणि चिडल्यावर त्यांची बायकोही तेच म्हणे. मी मात्र त्यांना काका म्हणायचे आणि तिला काकू. नोकरी संपली तरी काकांचा माइक काही सुटला नव्हता. तो हातात दिसत नसे, एवढंच.

मी तेव्हा वालूरच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि देवगाव फाट्यावर खोली शोधत होते. मुख्य रस्त्यापासून एक अरुंद बोळ आत जातो, त्याच्या शेवटी काकांचं घर. पुढं ओटा, अंगण, अंगणात लिंबाचं झाड. भाड्याचं नि पाण्याचं बोलणं झटकन उरकलं. मग काका माझ्या स्कुटीच्या मागं जाऊन उकिडवे बसले, सायलेन्सरकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ही बोळात सुरू करायची न्हाई. रस्त्यापस्तोर ढकलत न्यायची, येताना बी ढकलत आणायची. जमत आसंल तर सामान टाका."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळात स्कुटीला चावी लावली तर काका धोतर सावरत समोर येऊन दोन्ही हात पसरून उभे. तेव्हापासून ती स्कुटी मी ढकलली. चिखलात ढकलली, साडी नेसून ढकलली, शाळेला उशीर झालेला असताना ढकलली. त्या वेळी मनातल्या मनात मी काकांना जे जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कारण काकू होत्या. काकू ओट्यावरच्या बाजेवर उशांना टेकून बसलेल्या असायच्या. चार पावलं टाकली की भिंतीला हात लावून उभं राहायचं, श्वास गोळा करायचा, मग पुढची चार. फुफ्फुसं खराब होत चालली आहेत आणि ती भरून येणार नाहीत, आहेत तेवढी सांभाळा, असं परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कशानं झालं, हे मात्र त्यांना सांगता आलं नव्हतं. तरुणपणच्या चुलीच्या धुरानं असेल, फाट्यावरच्या गाड्यांच्या धुरानं असेल, दोन्ही मिळून असेल. काकांनी त्यातला रस्ता तेवढा उचलला. चुलीचं नाव निघालं की ते ताडकन उठून बाहेर जायचे.

काकूंना ते चांगलं ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "चूल माझी, फुकली बी मीच. ती काय भांडायला येतीय? कंट्रोलरला भांडायला कुणीतरी लागतंय बाई, म्हणून रस्ता. भांडू द्या."

तेव्हा काका रस्त्याशी भांडायचे. त्यांची रीत अशी: एका काठीच्या टोकाला पांढराशुभ्र रुमाल बांधलेला. फाट्यावर जीप येऊन थांबली, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून भाडं गोळा करायला लागला की काका मागून जाऊन रुमाल सायलेन्सरपुढं धरायचे. मग तो काळा रुमाल घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी जायचे आणि डॉक्टरानं एक्स-रे दाखवावा तसा उजेडात धरून दाखवायचे. "बघ. हे तू खायलास, मी खायलोय आन तिकडं बाजेवर माझी बायको खायलीय. बंद कर." काही जण बंद करायचे, काही जण जास्तच रेस करायचे. एकानं रुमालच ओढून नेला. काकांनी खिशातून दुसरा काढला. त्यांच्या खिशात रुमाल कायम असायचे, आणि ते सगळे धुवायचे कुणी तर काकूंनी. बाजेवर बसल्या बसल्या बादलीत हात घालून त्या रुमाल चोळायच्या आणि म्हणायच्या, "रस्त्यावरचा धूर रस्त्यावर राहिला असता. हे खिशात घालून घरी आणतेत."

हे बोलून त्या हसायच्या आणि तिथंच घात व्हायचा. कारण हसलं की त्यांना खोकला यायचा, आणि खोकला आला की तो लवकर थांबायचा नाही. ओठ निळसर पडायचे. म्हणून त्या घराचा दुसरा नियम: काकूंना हसवायचं नाही. स्कुटीच्या नियमापेक्षा हा अवघड होता, कारण मुळात काकूच भयंकर विनोदी. नवऱ्याची नक्कल तर अशी करायच्या की डोळे मिटले तर बसस्टँडवर उभं असल्यासारखं वाटावं. मी ओट्यावर बसून फिदीफिदी हसायला लागले की काका कुठूनही प्रकट व्हायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. एका अत्यंत हसऱ्या बाईच्या घरात आम्ही सगळे चेहरे लांब करून वावरत होतो.

काका बसलेले मला आठवतच नाहीत. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. ताटाला हात लावला न लावला तोच बाहेर हॉर्न वाजायचा आणि हे बोळाच्या तोंडाशी. बोळातून अंगण, अंगणातून बोळ, दिवसभर येरझारा. वारा कुठून येतोय हे बघायला लिंबाच्या फांदीला त्यांनी एक चिंधी बांधली होती. वारा रस्त्याकडून असला की ते काकूंची बाज मागच्या पडवीत न्यायचे, फिरला की पुढं आणायचे. काकू बाजेवर बसून मुकाट प्रवास करायच्या. मी कधी म्हटलं, काका, जरा टेका ना, तर ते म्हणायचे, "टेकलो तर बघणार कोण?"

दसऱ्याला तर मी कपाळाला हात लावला. सगळं जग गाडीची पूजा पुढून करतं. मीही स्कुटीच्या हँडलला झेंडू बांधला, पुढं कुंकू लावलं. काकांनी तो हार सोडला आणि मागं सायलेन्सरला बांधला. नळीच्या तोंडाशी कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "पुढं दिसतेत ते डोळे. गाडीचं तोंड मागं आसतंय. जे हात जोडायचे ते तोंडाला जोडावं, की बाई, जरा कमी बोल." तो हार जळून नळीला चिकटला आणि शाळेपर्यंत माझ्या मागं झेंडूच्या भाजीचा वास येत राहिला.

काकांच्या लढाईला पहिला धक्का दिला त्यांच्या भाच्यानं. तो पुण्याला नोकरीला. नवी कोरी पेट्रोल गाडी घेऊन मामा-मामीला भेटायला आला. गाडी अर्थातच बोळातून ढकलत आणवली. मग काकांनी ती परत बोळाच्या तोंडाशी न्यायला लावली, सुरू करायला लावली आणि रुमाल धरला. बराच वेळ धरला. रुमाल पांढराच राहिला. भाचा म्हणाला, मामा, आता नवीन नियमांच्या गाड्या अशाच येतात, आत गाळणी असते, धूर नाहीच. मला वाटलं काका खूश होतील. काका रुमाल उलटसुलट करत राहिले. त्यांचा चेहरा मी काळा रुमाल बघतानासुद्धा इतका उतरलेला पाहिला नव्हता.

त्यानंतर ते वाचायला लागले. माझ्या मोबाइलवर, भाच्याला फोन करून, शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकांतून. आणि एक दिवस मला बोळातच अडवून म्हणाले, "बाई, जुन्या गाडीचा धूर इमानदार व्हता. काळाकुट्ट यायचा, मी आलो म्हणून सांगायचा. माणूस नाकाला पदर लावत व्हता. हे नवीन गाड्यांचं दिसंना, वास येईना. कमी हाय, कबूल. पर न्हाईच आसं न्हाई. नायट्रोजनचे वायू हायेत, बारीक कण हायेत, रुमालाला लागतच न्हाईत आसले. आन आता गाड्याच इतक्या झाल्यात की कमी-कमी मिळून किती व्हायलंय कुणाला मालूम? दिसत आसतं तर मी आडवा झालो आसतो. आता कुणाला आडवं व्हावं?"

खरं तर इथून त्यांची तगमग दुप्पट झाली. पूर्वी धूर दिसला की ते धावायचे. आता धूर नाही दिसला तरी धावायचे. चकचकीत गाडी फाट्यावर थांबली की तिच्याभोवती फेऱ्या मारायचे, नाक वर करून हुंगायचे, आतली माणसं काचा वर घ्यायची. रुमाल मात्र काठीला तसाच. तो काढून ठेवायचं त्यांना काही सुचत नव्हतं.

पुढच्या वेळी भाचा आला तो हायब्रिड गाडी घेऊन. नोकरी बरी चालली असावी. मामा, हिच्यात इंजिनही आहे आणि बॅटरीही आहे, त्यानं समजावलं. सावकाश चालवली की इंजिन बंदच, नुसती बॅटरीवर सरकते. गर्दीत, सिग्नलला, बोळात, कुठंच धूर नाही. हमरस्त्याला लागली की मग इंजिन. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे साबुदाण्याचा उपवास. उपाशी बी न्हाई आन जेवलेला बी न्हाई. बरं हाय. आसल्या निदान चार गाड्या फाट्यावर आल्या तर तेवढं तरी कमी." मग म्हणाले, "आता ढकल." भाचा काकुळतीला आला. मामा, बोळात ही धूर करतच नाही, तेच तर सांगतोय. काका म्हणाले, सवय मोडली की सगळेच सुरू करतेत. ढकलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना दम लागला. नेहमीचा नव्हे. मी शाळेतून आले तर काकू बाजेवर पुढं वाकलेल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, मानेच्या शिरा ताठ, आणि श्वास आत जातच नव्हता. दम्याचा औषधी पंप तोंडात मारून झाला होता. आम्ही त्यांना उचलून भाच्याच्या गाडीत मागं ठेवलं. भाचा स्टिअरिंगवर बसला. काका मागं गेले. मी मागं गेले. हॉटेलवाला धावत आला, तोही मागं आला. आणि आम्ही तिघांनी खांदे लावून गाडी ढकलायला सुरुवात केली.

त्या क्षणी आमच्यातल्या एकालाही काही चमत्कारिक वाटलं नाही. बोळातून गाडी ढकलतच न्यायची असते. भाच्याची चावी खिशात, हात स्टिअरिंगवर, तोंडानं "जोरात, जोरात" चालू. काका घामाघूम, "ढकला, ढकला" म्हणतायत. बोळाच्या मध्यावर नालीवरच्या फरशीला चाक अडलं. आम्ही मागं घ्यायचो, पुढं रेटायचो, चाक चढेना. तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. काकूंचा हात बाहेर आला आणि काकांच्या मनगटाला धरून त्या एक एक शब्द ओढत म्हणाल्या, "सुरू... करा... की."

आम्ही जागच्या जागी थिजलो. भाच्यानं खिशातून चावी काढली, बटण दाबलं, आणि गाडी जराही आवाज न करता, कसलाही धूर न सोडता, फरशीवरून अलगद पुढं सरकली. काका हात तसेच पुढं धरून बोळात उभे राहिले.

काकू तेव्हा वाचल्या. परभणीला दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाच त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं की माझी वरात काढली, फक्त वाजंत्री तेवढी राहिली. मी हसू दाबता दाबता रडले. काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता नियम सुटला. दुसऱ्या दिवशी स्कुटीला चावी लावली, तर काका बोळात हात पसरून उभे. मला त्या दिवशी त्यांचा खराखुरा राग आला.

त्या रागातच मी एकदा म्हटलं, काका, आता नुसत्या विजेवर चालणाऱ्या गाड्या निघाल्यात. त्यांना इंजिन नाही, नळी नाही, धूर नाही. सगळ्या फाट्यावर त्याच झाल्या की तुमचं भांडणच संपेल, मग काय कराल? मला वाटलं होतं ते निरुत्तर होतील. त्यांनी लिंबावरच्या चिंधीकडं बघितलं. "वीज कशाची करतेत बाई? जास्ती कोळशाचीच. गाडीचं तोंड हितून उचललं आन लांब चिमणीला नेऊन बसवलं. थोडकं तर थोडकं, धूर तिकडं निघणारच. आन तिथंबी कुणाची तरी बायको आसंलच की." एवढं बोलून ते पुन्हा बोळाकडं चालू लागले. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या श्वासापुढं ताटातली भाकरी दिसत नव्हती, त्याला ती कधी न पाहिलेली बाई दिसत होती.

पुढं माझं लग्न झालं आणि मी सेलूला राहायला गेले. शाळा वालूरचीच राहिली. येता-जाता फाट्यावर उतरायचं म्हणायचे, पण संसारात ते राहूनच जायचं. काकूंना मधल्या काळात घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं, विजेवर चालणारं. दिवसातला बराच वेळ नळी लावून बसावं लागायचं.

आम्ही विजेची छोटी गाडी घेतली तेव्हा ती पहिल्यांदा दाखवायला मी काकांकडेच नेली. खरं सांगायचं तर मला त्यांची जरा जिरवायची होती. बोळाशी गाडी उभी केली. काका काठी-रुमाल घेऊन आले, सरळ मागं गेले, उकिडवे बसले. मग गुडघ्यांवर टेकले. मग हात घालून खालून चाचपायला लागले. म्हातारपणी चष्मा हरवल्यावर माणूस चाचपतो तसं. "हिचं तोंड कुठंय?" मी म्हटलं, नाहीच. त्यांचा विश्वास बसेना. पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मग उठून हात झटकत म्हणाले, बिनतोंडाची गाडी. ओट्यावरून काकू म्हणाल्या, "माझं तसं व्हायला पायजे व्हतं, तुमाला सुख लागलं आसतं." मी म्हटलं, आता तरी चालवत आत आणू? काका म्हणाले, टायर झिजतंयच, धूळ उडतीयच, सावकाश ढकला. मी ती गाडी, जिला धूरच नाही ती, घाम गाळत आत ढकलली.

जिरवायचीच म्हणून मग मी किटली काढली. या गाडीत एक सोय आहे. बॅटरीतली वीज वायर लावून बाहेर घेता येते. मी अंगणात गाडीला वायर जोडली, किटलीत पाणी तापवलं आणि गाडीवरचा चहा केला. काकूंनी नवऱ्याकडं बघत उद्घोषणा केली, "गाडीकडून बाजेकडे जाणारा चहा..." आणि त्यांना खोकला आला. काका सवयीनं मागं वळले, कुठली गाडी उभी आहे बघायला. बोळ रिकामा होता. पुढ्यात माझी गाडी होती आणि तिला नळीच नव्हती. त्यांनी काठीचा रुमाल सोडून काकूंच्या हातात दिला, तोंडाला धरायला.

त्या वैशाखात वादळ झालं. पाऊस थोडा, वारा फार. सेलूच्या रस्त्यावर झाडं आडवी पडली, विजेचे खांब वाकले. मी आडवाटेनं कशीबशी वालूरला शाळेत पोचले होते, तेवढ्यात फोन वाजला. काकांचा आवाज मी ओळखलाच नाही. त्यात ना कंट्रोलर होता ना घरमालक.

"बाई, वीज न्हाई. इन्व्हर्टर संपला. मशीन बंद हाय. सिलिंडर भरायला गेलेला हाय, त्यो झाडाच्या पल्याड अडकलाय, अॅम्ब्युलन्स बी पल्याडच हाय." मग थांबले. "तुमची ती गाडी..."

गाडी आदल्या दिवशीच पूर्ण चार्ज केलेली होती, हे नशीब. मी मुख्याध्यापकांना दारातूनच सांगून निघाले. वाटेत मोडलेल्या फांद्या, पत्रे, लोंबत्या तारा. ज्या म्हाताऱ्यानं मला वर्षानुवर्षं ढकलायला लावलं त्याच्या बायकोसाठी मी वेड्यासारखी गाडी हाणत होते आणि तोंडानं त्यालाच शिव्या देत होते.

बोळाच्या तोंडाशी डिझेलचा उग्र वास आला. हॉटेलवाला आपल्या जनरेटरशेजारी ओशाळून उभा होता. त्याच्याकडून मग कळलं. काकाच त्याच्याकडे गेले होते, हात जोडून, जनरेटर मागायला. ज्याच्याशी या जनरेटरवरून त्यांचं कायम भांडण, त्याच्याकडे. त्यानंही लगेच आत नेऊन सुरू केला. वारा अंगणातच घुमत होता. काळा धूर थेट ओट्यावर गेला आणि मशीन चालू होऊनही काकूंचा दम वाढला. काकांनीच धावत येऊन जनरेटर बंद केला आणि परत बाहेर काढायला लावला होता.

मी गाडी थांबवली, उतरले आणि मागं जाऊन दोन्ही हात गाडीला लावले. इतकी ती सवय हाडात मुरलेली होती. समोरून काका धावत आले. डोक्यावर टोपी नाही, काठी नाही. "ढकलत बसू नका बाई. चालवत आणा. पार ओट्यापस्तोर."

मी आत बसले. काका गाडीपुढं उलटे चालू लागले, दोन्ही हातांनी मला बोलावत. बसला फलाटाला लावताना बोलावतात तसे. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, येऊ द्या, बास. बोळातून ती पहिलीच गाडी चालत आत आली. वायर लावली. मशीननं एक शिट्टी दिली आणि घुमायला लागलं. काकांनी नळी काकूंच्या नाकाशी बसवली. आम्ही सगळे त्यांच्या छातीकडं बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांच्या मानेच्या शिरा जरा सैल पडल्या. खांदे खाली आले. डोळे उघडले.

काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिकडची ती बाई हाय ना, चिमणीपाशी ऱ्हाणारी... आज मी तिला पार इसरलो बाई. आता ध्यानात आली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग एकदम वळून घरात गेले. मला वाटलं, पुन्हा येरझारा सुरू. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. ते गाडीच्या मागं गेले नाहीत. वायर जिथून निघाली होती तिथं वाकले, बोट बुडवलं, आणि तिथं टेकवलं. हात जोडून उभे राहिले.

काकू बाजेवरून सगळं बघत होत्या. त्यांनी मान जराशी वर केली. ओठ हलले. काका धावत जवळ गेले, काय हवंय म्हणून कान तोंडाशी नेला. पण काकूंना काही नको होतं. त्या एक एक श्वास घेत, थांबत, अगदी काकांच्याच आवाजात म्हणाल्या, "प्रवाशांनी... कृपया... लक्ष द्यावे. वर जाणारी गाडी... थोड्या उशिरानं... सुटेल."

मी घाबरून काकांकडं पाहिलं. आता ते ओठांवर बोट ठेवणार. काका हसले. आवाज करून, खांदे हलवून हसले. हसता हसता बाजेशेजारी ओट्यावर खाली बसले, मांडी घातली, आणि रस्त्यावरून हॉर्नवर हॉर्न वाजत गेले तरी उठले नाहीत.